हाफतिकिटाला झोपवणारा चिमटा

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. निखारे उचलायचा नव्हे, केसांत खोचायचा नव्हे आणि गालाला काढतात तो तर मुळीच नव्हे. मी बसच्या कंडक्टरचा चिमटा. तिकिटाला भोक पाडणे हे माझे काम. माझे दोन दांडे दाबले की माझा एकुलता एक दात कागदातून आरपार जातो, आणि हात सैल सोडला की पोटातली स्प्रिंग मला पुन्हा जांभई द्यायला लावते. असा मी जन्मभर जांभया देत आलो, पण झोप मात्र दुसऱ्यांना लावली. ती कशी, तेच तुम्हाला सांगायचे आहे. त्यात एक विमान येते, एक बाळ येते आणि टाय लावलेले एक साहेब येतात. त्या साहेबांची मी आधीच क्षमा मागून ठेवतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथला कारागीर कमी बोलणारा, पण कानस हातात आली की गुणगुणणारा. त्या काळी प्रत्येक चिमट्याचे भोक वेगळे असे. कुणाचा चौकोन, कुणाचा बदाम, कुणाची चांदणी. तपासनीस गाडीत चढला की नुसते भोक पाहून कुणी तिकीट फाडले ते ओळखी. माझ्या वाट्याला चंद्रकोर आली. कारागिराने माझा दात घासून घासून वळवला, त्यावर फुंकर मारली आणि दाराबाहेरच्या झाडाचे एक पान वाकवून त्यात पहिली कोर पाडली. प्रत्येक चिमटा तो असाच पानावर तपासून पाही. त्यामुळे त्या झाडाच्या खालच्या फांद्यांची पार चाळणी झाली होती. येणारे-जाणारे म्हणत, "अहो, तुमच्या झाडाला कीड लागलीय." तो म्हणे, "कीड नाही हो, नक्षी आहे." दुपारी त्या झाडाखाली उन्हाचे बदाम आणि उन्हाच्या चांदण्या सांडत. माझीही एक उन्हाची कोर तिथे पडली आणि मी जगात आलो.

मग मी माझ्या कंडक्टरच्या हातात पडलो. हात म्हणजे काय हात होता! उभ्या गाडीत, चालत्या गाडीत, खड्ड्यात उडणाऱ्या गाडीत तो एका हाताने दांडा धरी आणि दुसऱ्या हाताने मला. लोकांनी तिकिटे काढावीत म्हणून तो मला नुसताच वाजवत पुढे सरके. टिक-टिक, टिटिक. टिक-टिक, टिटिक. हा त्याचा स्वतःचा ठेका होता. दुसऱ्या गाड्यांवरचे कंडक्टरही चिमटे वाजवत, पण ते वाजवणे आणि हे वाजवणे यांत नळाचे गळणे आणि पावसाची सर यांइतके अंतर होते.

"मास्तर, जरा हळू वाजवा, डोळा लागलाय," एखादा पेंगुळलेला म्हणे.

"अहो, माझ्या वाजवण्यानेच लागलाय तो. बंद केलं तर उघडेल," माझा कंडक्टर म्हणे. आणि तसेच होई. चिमटा थांबला की झोपलेले दचकून उठत आणि आपला थांबा मागे गेला म्हणून आमच्यावरच चिडत.

माझ्या पोटातून पडलेल्या कागदी कोरी गाडीभर विखुरलेल्या असत. संध्याकाळी गाडी झाडणारी बाई कमरेवर हात ठेवून म्हणे, "आभाळात एक चंद्र पुरतो, तुम्हाला गाडीत शंभर लागतात. माझा झाडू झिजला की हो तुमच्यापायी!" ती रागावे खरी, पण तिच्या अंबाड्यात एखादी कोर अडकून तशीच घरी जाई.

शाळा सुटली की कंडक्टरची लेक शेवटच्या फेरीला आमच्या गाडीत येऊन बसे. दप्तर मांडीवर, डोके बापाच्या चामडी पिशवीवर. पुढच्या वळणाआधीच ती झोपलेली असे. हे ध्यानात ठेवा मित्रांनो, पुढे उपयोगी पडेल. मीच ते विसरलो होतो, आणि तीसुद्धा.

दिवस कुणासाठी थांबतात? तिकीट छापणारे यंत्र आले. ते किर्रर्र करून जीभ काढी आणि त्या जिभेलाच तिकीट म्हणत. भोकाचे काम संपले. माझ्या कंडक्टरने मला पुढेही खिशात ठेवले, नुसते वाजवायला. पण एक दिवस तोही निवृत्त झाला. त्याच्या बायकोने, म्हणजे पुढे आजी झालेल्या बाईंनी, त्याचा खाकी शर्ट कपाटात टांगला आणि मला ड्रॉवरमध्ये टाकले. तिथे आधीच एक बंद घड्याळ, दोऱ्याची रिळे, तोंड वाळलेली डिंकाची बाटली आणि कुणाचीच नसलेली एक किल्ली राहत होती. कुणाचे कुणाशी पटत नव्हते. माझ्या स्प्रिंगला गंज चढू लागला. मी तोंड उघडे टाकून पडलो होतो आणि माझ्या पोटात शेवटच्या फेरीच्या काही कोरी तशाच होत्या.

मग त्या घरात बाळ आले.

लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. झाली मुलगी. तिचे खरे नाव घरात कुणी घेतच नसे, कारण आजोबांनी, म्हणजे माझ्या कंडक्टरने, पहिल्याच दिवशी तिला उचलून, वजनाचा अंदाज घेऊन जाहीर केले होते, "हाफतिकीट!"

"बाबा, ती हाफही नाही. एवढ्या लहानांना फुकट असतं," लेक म्हणाली होती.

"फुकट म्हटलं की माणसाला किंमत राहत नाही. हाफतिकीटच बरं."

हे हाफतिकीट दिवसभर हसे आणि झोपेची वेळ झाली की असे काही सूर लावी की शेजारी आपल्या खिडक्या लावत. अंगाई झाली, झोळी झाली, खांद्यावर थोपटणे झाले. एकदा अंग गरम आहे का ते पाहायला आजोबा ताप मोजायची नळी शोधत होते. ड्रॉवर उघडला आणि त्यांचा हात माझ्यावर पडला. मित्रांनो, काही हातांना डोळे असतात. बोटे आपोआप मिटली. टिक-टिक, टिटिक. रडणे मधोमध थांबले, सूर अर्ध्यावर सोडून. बाळाने भुवई वर केली, आवाज कुठून येतो ते पाहिले, आणि पुढचा थांबा यायच्या आत झोपले.

त्या दिवशी मला तेलाचा थेंब मिळाला. माझे पोट रिकामे केले गेले. मी पुन्हा नोकरीला लागलो. आजोबा तिला खांद्यावर टाकून स्वयंपाकघरापासून दारापर्यंत फेऱ्या मारत, मला वाजवत आणि दोरीवर वाळणाऱ्या लंगोटांना सांगत, "पुढे सरका, पुढे सरका, आत भरपूर जागा आहे." आणि गात,

चला चला गाडी सुटली,
झोपेची घंटा वाजली,
डोळ्यांच्या दोन्ही दारांना
आतून कडी लागली.

असे महिने गेले. बाळ रांगू लागले. जावई दूरच्या शहरात औषधांच्या दुकानात कामाला होता. तिथे त्याने घर घेतले आणि लेकीची कामावर परत जायची वेळ झाली. बाळाला घेऊन विमानाने जायचे ठरले. आजींचे गुडघे दुखत, म्हणून सोबतीला आजोबा निघाले. पोहोचवायचे, चार दिवस राहायचे आणि परत यायचे.

निघायच्या आधी लेकीने एक मऊ, कापडी ससा आणला.

"बाबा, आजपासून हिला सशाबरोबर झोपवायचं. चिमटा नाही."

"का? चिमट्याने काय बिघडवलंय?"

"चिमट्याने नाही, तुमच्या हाताने बिघडवलंय. हे आले तेव्हा ह्यांनी वाजवला, मी वाजवला, आईने वाजवला, ती फक्त जास्त रडते. तुम्ही चार दिवसांनी परत याल. मग तिथे कोण झोपवणार हिला? माझी नोकरी आहे. रात्रभर हिला घेऊन फिरले, तर सकाळी मी कुठल्या तोंडाने कामावर जाऊ?"

लेकीचे खरे होते आणि ते आजोबांना लागले होते. त्यांनी मला हातात घेतले, उलटसुलट केले, ड्रॉवरपर्यंत नेले. तिथून पुढे काय झाले म्हणता? मी बाळाच्या लोकरी मोज्यात गेलो आणि मोजा बाळाच्या पिशवीच्या तळाशी गेला. आजींनी ते पाहिले आणि डोळे मोठे केले. "निदान विमानात तरी लाज राखा," त्या म्हणाल्या.

"अगं, राहू दे. कामाला नाही, सोबतीला नेतोय."

विमानतळावर पिशव्या एका काळ्या बोगद्यातून जातात. आत शिरताच मोज्यासकट माझी हाडे न् हाडे पडद्यावर दिसली. तपासणीवाल्या बाईंनी पिशवी बाजूला घेतली, दुपट्यामागून दुपटे काढले, मोजा उलटा केला. मी खणकन ट्रेमध्ये पडलो.

लेकीने वडिलांकडे पाहिले. ते पाहणे मी पूर्वी विनातिकीट सापडलेल्या लोकांच्या बायकांच्या डोळ्यांत पाहिले होते.

"हे काय आहे?" बाईंनी विचारले.

"तिकिटाचा चिमटा."

"कशाला नेताय?"

"झोपायला."

"तुम्ही चिमट्याने झोपता?"

"मी नाही हो, नात. मला काहीही लागत नाही, मी उभ्यानेसुद्धा झोपतो."

बाईंनी बाळाकडे पाहिले. बाळाने मला ओळखले होते आणि ते दोन्ही हात पसरून ट्रेवर झेपावत होते. बाईंनी आपल्या साहेबांना बोलावले. साहेबांनी मला उघडमीट करून पाहिले, माझ्या दातावरून बोट फिरवले.

"याने काय कापता येतं?"

"फक्त कागद. तेही एवढंसं," आजोबांचा आवाज थोडा दुखावला होता. "आयुष्यभर याने कुणाचा केससुद्धा ओढला नाही."

"करून दाखवा."

बाईंनी आपल्या चहाचे बिल पुढे केले. टिक. बिलात चंद्रकोर उगवली. बाईंनी ते दिव्यासमोर धरले आणि एक डोळा मिटून त्यातून साहेबांकडे पाहिले. साहेब खोकले. "जाऊ द्या," ते म्हणाले. मी सुटलो. मोज्यात परत न जाता थेट शर्टाच्या खिशात गेलो.

इथे एक सांगायचे राहिले. आजोबांनी प्रवासाला तो जुना खाकी शर्टच घातला होता, कडक इस्त्री करून. का, तर त्याचा खिसा सर्वांत खोल. आता असा मनुष्य, खाकी शर्टातला, खिशातला चिमटा हातात घेतलेला, विमानाच्या दाराशी लागलेल्या रांगेच्या अगदी तोंडाशी उभा राहिला तर लोकांनी काय समजायचे? लेक बाळाला कपडे बदलायला घेऊन गेली होती. दारावर पास तपासणारी मुलगी फोनवर बोलायला जरा बाजूला सरली होती. आजोबा नुसते उभे होते. मला वाजवतही नव्हते.

तेवढ्यात ते टाय लावलेले साहेब आले. फोन कानाला, नजर छताला. त्यांनी न बघताच आपला विमानात चढायचा पास आजोबांच्या नाकासमोर धरला.

मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, यात आजोबांचा विचार असा काही नव्हता. समोर कागद धरलेला हात आला की त्या अंगठ्याला थांबणे माहीतच नाही. टिक! साहेब पुढे सरकले. त्यांच्यामागच्या बाईंनी पास धरला. टिक! दोन कॉलेजातल्या मुली हसत आल्या. टिक, टिक! एक मोठे कुटुंब आले. टिक-टिक, टिटिक! किती वर्षांनी मला असे काम मिळाले होते! मी तर न्हाऊन निघालो. फरशीवर कोरी सांडू लागल्या.

"पुढे सरका, पुढे सरका," आजोबांच्या तोंडून आपसूक निघाले. रांग आज्ञाधारकपणे पुढे सरकली.

लेक बाळाला घेऊन आली तेव्हा निम्मी रांग पंच होऊन काचेच्या दाराला चिकटून उभी होती.

"बाबा! काय करताय?"

"गर्दी कमी करतोय," आजोबा म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांना समजले. अंगठा हवेतच थांबला.

दारावरची मुलगी परतली. तिने साहेबांचा पास यंत्राखाली धरला. यंत्र लाल झाले आणि टुंई करून ओरडले. दुसरा धरला, टुंई. तिसरा, टुंई. प्रत्येक पासावर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन असतो, तो वाचून ते यंत्र माणसाला ओळखते. आणि माझी चंद्रकोर प्रत्येकाच्या बरोबर त्या चौकोनाच्या पोटात बसली होती. नेम आमचा पहिल्यापासूनच चांगला.

"हे भोक कुणी पाडलं?" मुलीने विचारले. साऱ्या रांगेची बोटे एकाच दिशेला वळली.

"सगळ्यांचं नीट पाडलंय. एक सुटलेला नाही," आजोबा पुटपुटले.

"अहो, माझी तिकडे मीटिंग आहे!" साहेब कडाडले. "विमान सुटलं म्हणजे?"

"कसं सुटेल साहेब? तिकीट पंच झालंय तुमचं," आजोबांनी धीर दिला. त्याने साहेबांना मुळीच धीर आला नाही.

बिचाऱ्या मुलीने एकेकाचे नाव विचारून हाताने लिहून घेतले. रांग मुंगीच्या पावलाने सरकली. लेक पाठ वळवून उभी होती, कान लालबुंद. मागच्या एका आजीबाईंनी तिला विचारले, "तुमचेच का ते?"

"आम्ही एकाच रांगेत आहोत, एवढंच," ती म्हणाली.

मग तिने हात पुढे केला. "द्या तो." आजोबांनी मला तिच्या तळहातावर ठेवले, चूक सापडलेल्या पोरासारखे. मी तिच्या पर्समध्ये गेलो, किल्ल्या, ओले रुमाल आणि अर्ध्या बिस्किटाच्या संगतीला. चेन ओढली गेली. अंधार झाला. ड्रॉवरचाच अंधार, फक्त वास वेगळा.

पुढचे सगळे मी कानांनी पाहिले.

विमानात तिघे एका ओळीत बसले. बाकाच्या कडेला आजोबा, मध्ये मांडीवर बाळ घेऊन लेक, आणि खिडकीशी कोण, तर तेच टायवाले साहेब! नशीब असे टाके घालते की उसवता येत नाहीत. विमान गुरगुरले, धावले, उडाले. बाळाचे कान दडले असावेत. त्याने पहिला सूर लावला.

लेकीने सशाला पुढे केले. सशाला उड्डाण मिळाले, तो साहेबांच्या मांडीवर उतरला. साहेबांनी त्याला दोन बोटांनी परत केले. तो पुन्हा गेला. या वेळी चष्म्यावर.

"भूक लागली असेल," मागून आवाज आला.

"पोट दुखतंय, बघा पाय कसे आखडतेय."

"गरम होतंय तिला. टोपी काढा."

"थंडी वाजतेय. टोपी घाला."

टोपी निघाली, चढली, निघाली, आणि सशाच्या वाटेने गेली. हवाई सुंदरीने चमचा वाजवून पाहिला, टाळ्या वाजवून पाहिल्या, शेवटी स्वतःच्या कानात बोट घालून निघून गेली. आजोबा खालच्या आवाजात गाऊ लागले,

खिडकीत बसली चांदणी,
तिला तिकीट नको गं,
मांडीवर माझं हाफतिकीट,
त्याला धक्का नको गं.

पण ठेक्याशिवाय गाणे म्हणजे चाकांशिवाय गाडी. बाळाने त्याहून वरचा सूर लावला. "काहीतरी करा हो!" साहेब म्हणाले. "करतेच आहे!" लेक म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. चार दिवसांनंतरच्या सगळ्या रात्री तिला आत्ताच, या बाकावर बसून दिसत होत्या.

मला वाटले, आता आजोबा मला मागतील. त्यांनी मागितले नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून ते समोर बघत बसले होते, असे मला नंतर कळले. लेकीने एक शब्द काढला असता तर... पण तो तिने काढायचा होता, त्यांनी नाही. मध्येच त्यांचा उजवा हात सुटून गुडघ्यावर आला आणि अंगठा आपला हलू लागला. रिकामाच. टिक-टिक, टिटिक. आवाज नाही, चिमटा नाही, नुसता अंगठा.

लेकीचे लक्ष त्या अंगठ्याकडे गेले.

चेन सरकली. उजेड आला. तिचा हात आत शिरला आणि मी वर आलो. आजोबांचा तळहात लगेच पसरला, पण तिने मला त्यावर ठेवले नाही. तिने स्वतःच दाबले. टिक, टिक, टिक, टिक. अगदीच बेताल. बाळाने अपमान झाल्यासारखे तिच्याकडे पाहिले आणि सूर थेट छतापर्यंत नेला.

"बाबा, कसं करायचं?"

"मला काय माहीत," आजोबा म्हणाले, आणि ते खरे बोलत होते. "मी कधी केलंच नाही. ते होतं."

"म्हणजे?"

"तू डोळे मिट. शेवटच्या फेरीला पिशवीवर डोकं टेकलंस की तुला काय ऐकू यायचं?"

तिने डोळे मिटले. मला तिच्या मुठीत सगळे कळत होते. आधी मूठ घट्ट होती. मग ती सैल झाली, लहान झाली, शाळेतून दमून आल्यासारखी. चामड्याच्या पिशवीचा वास, पायाखालची घरघर, दोन आसनांमधून पुढे सरकत गेलेला एक खाकी शर्ट. तिच्या अंगठ्याने एकदा दाबले. थांबला. पुन्हा दाबले.

टिक-टिक, टिटिक.

बाळाचा सूर तुटला.

टिक-टिक, टिटिक. बाळाने आजोबांच्या हाताकडे पाहिले. तो रिकामा होता. मग आईच्या हाताकडे पाहिले. मग पुन्हा आजोबांकडे, ही काय भानगड आहे म्हणून. मग हळूच, डोळ्यांची दारे आतून लागली.

"कसला आवाज येतोय?" हवाई सुंदरी लगबगीने आली. मागच्यांनी तिलाच दटावले, "श्शू! चालू राहू दे!" साहेब काहीतरी बोलायला वळले होते. तोंड उघडले ते तसेच राहिले, आणि त्यातून घोरणे बाहेर पडले. त्यांच्या मांडीवर ससा होता आणि त्यांचा हात सशावर. पुढची रांग मावळली, मागची मावळली. विमानभर माना कलल्या.

"बाबा," थोड्या वेळाने लेक कुजबुजली, "थांबले की हिचा डोळा उघडतो. अंगठा मोडला माझा. आता तुम्ही घ्या ना."

आजोबा सर्वांच्या आधी झोपले होते. आयुष्यात पहिल्यांदा ते बसून, दुसऱ्या कुणाच्या तरी ठेक्यावर प्रवास करत होते. काय झोप लागली होती माणसाला!

लेकीने विमान उतरेपर्यंत मला वाजवले. चाके जमिनीला टेकली तेव्हा आजोबा जागे झाले, तिच्या हाताकडे बघून म्हणाले, "अंगठ्याने नाही गं, मनगटाने," आणि उठून उभे राहिले. "उतरणारे आधी!" ते म्हणाले. सगळेच उतरणारे होते. साहेबांनी ससा परत केला, थोडा नाइलाजाने. त्यांचा टाय ओला झाला होता. कशाने, ते विचारू नये.

चार दिवस गेले. रोज झोपेच्या वेळी आजोबा मुद्दाम घराबाहेर फिरायला जात आणि परत येताना जिन्यात थांबून कानोसा घेत. आत टिक-टिक, टिटिक चाललेले असे. एकदा तर जावयाने वाजवले. बाळ तब्बल अर्ध्या मिनिटापुरते फसले.

परतीच्या दिवशी आम्ही सारे आजोबांना सोडायला विमानतळाच्या दारापर्यंत गेलो. त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला, मग आठवले, मग उगीचच बटण लावल्यासारखे केले. जावयाने छापून दिलेला पास त्यांच्या हातात होता.

"बाबा, पास दाखवा," लेक म्हणाली.

"का? सगळं नीट आहे की."

"दाखवा म्हणते ना. विनातिकीट जायचंय?"

त्यांनी पास धरला. लेकीने मला बाळाच्या दोन्ही मुठींत दिले आणि वरून आपली मूठ धरली. "इथे नको हं, तो काळा चौकोन सोडून. कोपऱ्यात." बाळाने जीभ बाहेर काढून जोर लावला. आईने त्याहून जास्त लावला.

टिक.

मित्रांनो, जन्मभर माझ्या कंडक्टरने दुसऱ्यांच्या तिकिटांत कोरी पाडल्या. त्याच्या तिकिटाला कधी कुणी भोक पाडले नव्हते, कारण त्याला तिकीट लागतच नसे. त्याने पास उजेडाकडे धरला. कोपऱ्यातून एवढीशी कोर त्याच्या गालावर पडली.

"नेम चांगला आहे हाफतिकिटाचा," तो म्हणाला.

"बाबा, तोंडात काय गेलं बघा हिच्या! चंद्र खाल्ला हिने!" लेक ओरडली आणि बाळाच्या तोंडात बोट घालून कागदाची ओली कोर शोधू लागली. या गडबडीतच आजोबा आत गेले. काचेच्या दारापलीकडून त्यांनी बोटाच्या पेराने दोनदा ठोकले. टक, टक. डबल बेल. गाडी सोडा.

आता मी लेकीच्या घरीच असतो. ड्रॉवरमध्ये नाही, पाळण्याच्या दांडीला दोरीने टांगलेला. मित्रांनो, तुमच्याही घरात असा एखादा ड्रॉवर असेल. तो उघडा. आत माझ्यासारखे कुणी तोंड वासून पडले असेल तर त्याचे पोट रिकामे करा, त्याला थेंबभर तेल द्या. आणि ते ज्याच्या हातातले आहे त्याला विचारा, हे कसे वाजवायचे. तो म्हणेल, मला काय माहीत. तरी विचारा, तो झोपी जायच्या आत. विमानात कधी एखादे बाळ रडू लागले आणि तुमच्याजवळ चिमटा नसला, तर निदान कपाळाला आठ्या घालू नका. सशाला मांडीवर जागा द्या. टायचे पुढे पाहता येईल.

थांबा, हाफतिकिटाने कूस बदलली वाटते. लेकीची पावले येताहेत. चला, फेरीची वेळ झाली.